खाच

एरीमध्ये खाडी गोठली की
माणसं बर्फावर जाऊन बसतात.
भोक पाडायचं, बादली उलटी घालायची,
वाऱ्याकडे पाठ करायची. बोलायचं नाही.

अशाच एका जानेवारीत माझ्या वडिलांनी
दोन बोटांची टोकं घालवली.
गळाला गाठ मारायला हातमोजा काढला,
तेवढ्यापायी.

मग तीन हिवाळे तळघरात.
पितळ, स्प्रिंगा, कॉफीच्या डब्यात फसलेले एक्केचाळीस नमुने.
बेचाळिसावा चालला:
अंगठ्याएवढं यंत्र, दोरा ओवा, फिरवा, ओढा,
हातमोजा हातातच.
त्याच्या कडेला एक खाच होती.
कशासाठीच नव्हती.
कानस घसरली होती, बाकी काही नाही.

पण पेटंटचं चित्र काढणाऱ्यानं ती इमानानं काढली,
आणि वकीलबाई ऑगस्टिन यांनी ती लिहून टाकली,
दावा क्रमांक एक, तिसरी ओळ:
‘ज्याच्या कडेस एक खाच आहे असे’.
वडील म्हणाले, असू दे. कागदावर बरी दिसते.

सातव्या वर्षी ते मला फोनवर दिसलं.
चार डॉलरला तीन.
फोटोतला हात वडिलांचा,
आमच्याच पत्रकातून उचललेला, मनगटावरचा डागसुद्धा तोच.
बोटं मात्र कुणीतरी पूर्ण करून दिली होती,
नखांसकट.

विक्रेत्याचं नाव झुक्वेल.
मी फॉर्म भरला. आपण हक्कधारक आहात काय? त्यांची मुलगी आहे.
हा पर्याय नव्हता. होय वर टिचकी मारली.
एक मागवून पाहिलं. पिवळ्या पाकिटात आलं,
खाचेसकट.
‘मग सापडले,’ ऑगस्टिनबाई म्हणाल्या,
त्या क्वचित इतक्या खूश होतात.

मंगळवारी झुक्वेल गेलं.
गुरुवारी ओर्बिना आलं,
तोच फोटो, तीच नखं, 
तेच दोनशे अकरा अभिप्राय, जसेच्या तसे.
मग टिपफो. मग नुसतेच आकडे.
मी जेवणाच्या सुट्टीत फॉर्म भरायची,
एका हातात सँडविच.
वडील तक्रारी वाचत नसत. अभिप्राय वाचत.
मॅनिटोबातल्या कुणा बाईनं लिहिलं होतं,
नवऱ्याचा हात थरथरतो, तीन वर्षांनी तो पुन्हा मासेमारीला गेला.
हे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं
आणि विचारलं, हिला उत्तर कसं देतात?
मी म्हटलं, तुम्हाला नाही देता येणार. तुम्ही विक्रेते नाही.

नोव्हेंबरात एक नवीन आलं.
वजनाला हलकं, स्प्रिंग जरा नरम,
आणि कडा
गुळगुळीत.

ऑगस्टिनबाई फोनवर बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, दाव्यात खाच आहे, ह्यात नाही.
लढता येईल, पण खर्च तुमच्या घराएवढा.
जवळपास मोकळे सुटले ते.

मी त्या रात्री पुन्हा पुन्हा त्या माणसाचा विचार केला.
कुठल्या शहरातला, कोण जाणे.
दिव्याखाली वडिलांची चूक हातात धरून
त्यानं कुणालातरी विचारलं असेल,
ही कशाला आहे?
आमच्या घरात इतक्या वर्षांत
हे कुणीच विचारलं नव्हतं.

सकाळी तळघरातून आवाज आला.
वडिलांनी ते गुळगुळीत यंत्र शेगड्यात आवळलं होतं
आणि चष्मा कपाळावर ठेवून
कडेला कानस लावत होते, सावकाश,
यावेळी घसरू न देता.

‘आता झालं उल्लंघन,’ मी म्हटलं.

त्यांनी पितळेचा भुसा फुंकला,
यंत्र कोटाच्या खिशात टाकलं,
बादली उचलली.

‘मग भर की फॉर्म,’ म्हणाले,
आणि खाडीकडे निघून गेले.